काउन्सिलची रिकामी जमीन आणि तिच्यावरचं कर्ज: आयर्लंडच्या सोशल हाऊसिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डब्लिनच्या हाऊसिंग इस्टेटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागे एक मोकळं रान आहे, काउन्सिलचं. मी 2009 साली इथे राहायला आले तेव्हाही ते असंच होतं, लोखंडी कुंपण, आत गुडघाभर गवत, मधूनच कुणाचेतरी घोडे चरताना. आपल्या मंडळाच्या दिवाळीला दरवर्षी नवीन आलेलं कुणीतरी विचारतंच की घरांची एवढी बोंब, भाडी ऐकून घाम फुटतो, मग ही जमीन अशी का पडलीये? त्यात बातमी येते की सरकारने काउन्सिलांना जमिनीची जुनी कर्जं फेडायला पैसे दिले, मग तर प्रश्नांची रांगच लागते. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी अकाउंट्समध्ये काम करते, हाऊसिंगमध्ये नाही, त्यामुळे आकड्यांकडे जरा जास्तच ओढ राहील, सांभाळून घ्या. आकडे कोटीत देतेय. इथे मिलियनमध्ये बोलतात, 10 मिलियन म्हणजे आपला 1 कोटी.

काउन्सिल म्हणजे म्युनिसिपालिटीच ना?

साधारण तसंच, पण हातात बरंच कमी. देशभर मिळून 31 लोकल ऑथॉरिटी आहेत, एकट्या डब्लिनमध्ये चार: डब्लिन सिटी, फिंगल, साऊथ डब्लिन आणि डन लेअरी-रॅथडाऊन. 2014 पर्यंत गावोगावच्या टाऊन काउन्सिल पण होत्या, त्या बंद केल्या. शाळा काउन्सिलच्या नाहीत, पोलीस नाहीत, पाण्याचं काम 2014 ला वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेलं. राहिलं काय, तर रस्ते, प्लॅनिंग, लायब्ररी, फायर ब्रिगेड आणि घरं.

सोशल हाऊसिंग म्हणजे फुकट घर?

नाही हो. भाडं असतंच, फक्त ते बाजारभावाने नाही तर तुमच्या कमाईवरून ठरतं, कमाई वाढली की भाडं वाढतं. घराचा मालक काउन्सिल असते किंवा एखादी अप्रूव्हड हाऊसिंग बॉडी, म्हणजे क्लूड, रिस्पॉन्ड, टूआ अशा ना-नफा संस्था.

सरकार घरं बांधायला पैसे देतंच, मग जमीन घ्यायला काउन्सिल कर्ज का काढते?

हा खरा कळीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर थोडं मागे जाऊन द्यावं लागतं.

पूर्वी घरंसुद्धा कर्जावरच बांधायचे. 1935 साली लोकल लोन्स फंड नावाचा सरकारी फंड काढला होता, काउन्सिल त्यातून कर्ज घ्यायची, घरं बांधायची, भाड्यातून आणि घरपट्टीतून फेडायची, वर सरकार हप्त्यांना सबसिडी द्यायचं. मग 1977 च्या निवडणुकीत घरपट्टी रद्द करण्याचं आश्वासन दिलं गेलं आणि 1978 पासून राहत्या घरांवरची घरपट्टी खरंच गेली. लोक खूश झाले, पण काउन्सिलच्या गल्ल्यातला हक्काचा पैसा गेला. लोकल प्रॉपर्टी टॅक्स आला तो थेट 2013 साली, तोही देश दिवाळखोरीच्या काठावर जाऊन आल्यावर. मधल्या काळात, 1987-88 च्या सुमारास, सरकारने ठरवलं की आता कर्ज नको, घर बांधण्याचा पूर्ण खर्च आम्ही ग्रँट म्हणून देऊ.

ऐकायला छान वाटतं. पण ग्रँट मिळते प्रोजेक्ट मंजूर झाल्यावर, आणि जमीन लागते प्रोजेक्टच्या कितीतरी वर्षं आधी. आधी जमीन ताब्यात हवी, मग डिझाईन, मग परवानग्या, मग मंजुरी, मग पैसे. या मधल्या पाच-सात वर्षांत जमिनीचे पैसे कुणी घालायचे? काउन्सिलकडे शिल्लक नाही. म्हणून कर्ज. सगळ्यांच्या डोक्यात हिशोब असा होता की घरं मंजूर झाली की जमिनीची किंमत प्रोजेक्टच्या खर्चात धरायची, सरकारकडून वसूल करायची आणि कर्ज मिटवायचं. म्हणजे कागदावर ते कर्ज काउन्सिलचं, मनातल्या मनात सरकारचं.

कर्ज देतं कोण, बँक?

बहुतेक करून हाऊसिंग फायनान्स एजन्सी, सगळे तिला एचएफए म्हणतात. 1982 पासूनची सरकारी कंपनी आहे. ती स्वतः सरकारच्या हमीवर स्वस्तात पैसे उचलते, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेकडून, काउन्सिल ऑफ युरोपच्या डेव्हलपमेंट बँकेकडून वगैरे, आणि ते काउन्सिलांना आणि हाऊसिंग बॉडींना देते. म्हणजे सरकारी खिशातून सरकारी खिशात, पण मध्ये व्याज आणि कागदपत्रं आहेतच. आणि काउन्सिलचं कर्ज देशाच्या एकूण सरकारी कर्जात मोजलं जातं, त्यामुळे मनाला येईल तेवढं उचलता येत नाही, मंत्र्याची परवानगी लागते.

मग गोची कुठे झाली?

वेळेत. 2000 ते 2007 हा इथला सेल्टिक टायगरचा, म्हणजे मोठ्या तेजीचा काळ, जमिनीचे भाव वेड्यासारखे चढत होते. काउन्सिलांवर दबाव होता की आत्ता घेतलं नाही तर उद्या आणखी महाग, आणि त्या वेळेला ते खोटंही नव्हतं. किती वेड होतं त्याचा नमुना सांगते. डब्लिनच्या रिंग्सएंडजवळ काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याची 25 एकर जमीन 2006 ला 41.2 कोटी युरोला गेली, आणि घेणाऱ्यांमध्ये डॉकलँड्सचं सरकारी प्राधिकरण भागीदार होतं. काही वर्षांतच तिची किंमत एक पंचमांशही उरली नाही. ती काउन्सिलची खरेदी नव्हती, पण हवा कशी होती ते कळावं म्हणून सांगितलं. गावाबाहेरच्या शेतालासुद्धा उद्या इथे टॉवर उभा राहणार असा भाव होता.

मग 2008. घरांच्या किमती पुढच्या पाच वर्षांत निम्म्यावर आल्या, बांधकामाच्या जमिनीचं तर विचारूच नका. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये देशाने युरोप आणि आयएमएफपुढे हात पसरले. सोशल हाऊसिंगसाठीचं भांडवली बजेट 2008 ते 2013 मध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त कापलं गेलं. आता मगाचा हिशोब आठवा, घरं मंजूर झाली की जमिनीचे पैसे मिळणार होते. घरंच मंजूर होईनात. म्हणजे पैसे येईनात. म्हणजे कर्ज तसंच, आणि व्याज चालू.

यातली बरीच कर्जं सुरुवातीला फक्त व्याजाची होती, मुद्दल शेवटी एकदम, काहींमध्ये तर व्याजही भरायचं नाही, ते मुद्दलातच चढवत जायचं. पाच-सात वर्षांत घरं होणारच आहेत म्हटल्यावर ते ठीक होतं. पण सात वर्षं संपली तेव्हा शेतात गवत होतं.

1975 साली या देशातल्या काउन्सिलांनी वर्षात जवळपास 8,800 घरं बांधली होती. 2015 साली 75. शून्य विसरले नाहीये, पंच्याहत्तरच. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, 2013 च्या मोजणीत वेटिंग लिस्टवर जवळपास 90 हजार कुटुंबं होती.

आकड्यांत समजावून सांगाल का?

सांगते, पण हे माझं बनवलेलं उदाहरण आहे, कुठल्याही खऱ्या जागेचं नाही. समजा काउन्सिलने 2006 ला 1 कोटी युरोला जमीन घेतली, बेत 100 घरांचा. म्हणजे प्रत्येक घरामागे जमिनीचा खर्च 1 लाख. व्याज 4 टक्के, भरायचं नाही, चढवत जायचं. 15 वर्षांनी तो आकडा होतो 1.8 कोटी. घरामागे 1 लाख 80 हजार, आणि अजून एक वीट रचली नाहीये. आता तीच जमीन बाजारात 40 लाखाला मिळतेय असं धरा. काउन्सिल सरकारकडे प्रोजेक्ट घेऊन गेली तर तिथला माणूस विचारणार, बाई, शेजारच्या जागेवर जमिनीचा खर्च घरामागे 40 हजार आहे, तुमच्याकडे 1 लाख 80 कसा? प्रोजेक्ट महागडा म्हणून मागे. मग परत एक वर्ष व्याज, परत आणखी महाग. म्हणजे जी जागा सगळ्यात जास्त काळ पडून आहे तीच बांधायला सगळ्यात अवघड होत जाते. आमच्यामागचं रान बघताना मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो, की यात चोर कुणीच नाहीये, नुसतं गणित चालू आहे.

मग विकून टाकायची ना!

विकली तर 40 लाख हातात, कर्ज 1 कोटी 80. उरलेले 1 कोटी 40 लाख कुठून आणणार? रस्त्यांच्या आणि लायब्ररीच्या पैशातून? शिवाय काउन्सिलची जमीन विकायची तर निवडून आलेल्या काउन्सिलरांसमोर ठेवावी लागते, 2001 च्या कायद्यातलं कलम 183, आणि ते अडवू शकतात. आणि समजा विकलीच, तर पुढच्या तेजीत हीच काउन्सिल तीच जमीन दुप्पट भावाने परत घ्यायला उभी राहणार. जमीन धरून ठेवणं बरोबर होतं असंच माझं मत आहे. चूक होती ती कर्जावर धरून ठेवण्याची.

सरकारने पहिल्यांदा काय केलं?

2010 ला लँड अ‍ॅग्रिगेशन स्कीम आणली, सरकारी कागदांत तिला लॅग्स म्हणतात. कल्पना साधी होती. काउन्सिलने कर्जाची जमीन हाऊसिंग एजन्सीच्या नावावर करायची, ही एचएफएपेक्षा वेगळी, नावं सारखी असल्यामुळे सगळ्यांचाच घोळ होतो. बदल्यात ते मुदत संपलेलं, फक्त व्याजाचं कर्ज लांब मुदतीच्या हप्त्यांच्या कर्जात बदलायचं आणि ते हप्ते सरकारचं हाऊसिंग खातं काउन्सिलला भरून देणार. म्हणजे सरकारने एकरकमी पैसे काढले नाहीत, काढायला होतेच कुठे तेव्हा, वर्षानुवर्षांच्या हप्त्यात वाटून घेतले.

एकूण 73 जागा त्यात गेल्या, मिळून 247 हेक्टर, आणि खर्च 11.1 कोटी युरोच्या घरात. भागाकार करून बघा, हेक्टरी साधारण साडेचार लाख युरो पडतात, आणि यातल्या कितीतरी जागा अशा की जवळ ना ड्रेनेज ना बस.

मग ती स्कीम बंद का केली?

पैसे संपत आले म्हणून. अर्ज भरपूर होते. आधी नियम कडक केले, म्हणजे कर्जाची मुदत संपलेली हवी, जागा खरंच बांधण्यालायक हवी वगैरे, आणि 2013 च्या डिसेंबरमध्ये स्कीमच बंद झाली. ज्या काउन्सिल लवकर आत गेल्या त्या सुटल्या, ज्यांचं कर्ज उशिरा मुदतीला आलं त्या बाहेर राहिल्या. काहींनी तर जमीन काळजीपूर्वक, उशिरा घेतली होती म्हणून त्या अडकल्या, अजब न्याय आहे.

बाहेर राहिलेल्यांचं काय झालं?

कर्ज त्यांच्याच गळ्यात. काहींनी ते हप्त्यांच्या कर्जात बदललं आणि दरवर्षीच्या बजेटमधून भरत राहिले, काही नुसतं व्याज भरत राहिले. सरकारी ऑडिटर दर वर्षी आपल्या रिपोर्टमध्ये लिहायचे की या काउन्सिलकडे एवढं जमिनीचं कर्ज आहे आणि ते कशातून फेडणार याची काही सोय दिसत नाही. अकाउंट्सवाल्या कुणालाही विचारा, ऑडिटरचं हे वाक्य एक वर्ष आलं तर झोप उडते. इथे ते वर्षानुवर्षं येत राहिलं, इतकं की शेवटी छापील मजकुरासारखं झालं असावं.

आणि लॅग्समध्ये गेलेल्या जागांवर लगेच घरं झाली?

नाही. बऱ्याच वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. कर्ज गेलं पण बांधायला पैसे नव्हते, आणि काही जागा मुळातच चुकीच्या ठिकाणी घेतलेल्या. 2016 च्या रीबिल्डिंग आयर्लंड योजनेनंतर जरा हालचाल झाली. 2017 ला सरकारने नकाशाच प्रसिद्ध केला, काउन्सिल आणि हाऊसिंग एजन्सी मिळून साधारण 700 जागा, 1,700 हेक्टर. माझ्या ओळखीत तेव्हा सगळ्यांनी आपापल्या घराजवळ झूम करून बघितलं होतं.

आता परत कर्ज फेडायला पैसे का देतायत?

दोन गोष्टी जुळून आल्या. एक, 2021 च्या 2 सप्टेंबरला हाऊसिंग फॉर ऑल ही योजना आली, 2030 पर्यंत 90 हजार सोशल घरं असं टार्गेट, आणि तेवढी घरं बांधायला जमीन लागते. नवीन घ्यायची तर महाग आणि वेळखाऊ, आणि काउन्सिलांच्या नावावर जमीन पडलेली, फक्त कर्जाच्या ओझ्यामुळे प्रोजेक्ट मंजुरीला जात नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे तिजोरीत पैसा आला. परदेशी कंपन्यांच्या कॉर्पोरेशन टॅक्समुळे 2022 पासून सरकारी बजेट शिल्लकीत गेलं. 2010 ला हप्त्यात बांधलेलं काम आता रोखीने करता येणार होतं.

यावेळी पद्धतही वेगळी आहे. जमीन काउन्सिलकडेच राहते, हाऊसिंग एजन्सीकडे जात नाही, खातं काउन्सिलला भांडवली पैसे देतं, काउन्सिल एचएफएचं कर्ज मिटवते. आणि भर कशावर, तर लवकर घरं होऊ शकतील अशा जागांवर. नुसतं जुनं दुखणं आहे म्हणून पैसे, असं नाही. मला हे पहिल्या स्कीमपेक्षा बरं वाटतं.

याशिवाय हाऊसिंग एजन्सीला नवीन जमीन घेण्यासाठी 12.5 कोटी युरोचा लँड अ‍ॅक्विझिशन फंड दिलाय. त्यातली चांगली गोष्ट अशी की घर बांधून प्रोजेक्टचे पैसे आले की जमिनीचे पैसे परत फंडात, मग दुसरी जमीन. भिशीसारखं फिरत राहतं. काउन्सिलच्या डोक्यावर चढतं व्याज नाही.

म्हणजे एकाच जमिनीचे आपण दोनदा पैसे भरतोय?

हा प्रश्न आपल्यातल्या एका काकांनी इतक्या तावातावाने विचारला होता की त्यांचा चहा गार झाला. उत्तर: जमिनीची किंमत एकदाच जाते. 2006 ला जमीनमालकाला पैसे मिळाले ते एचएफएचे होते, आता सरकार ते एचएफएला परत करतंय. पण मधलं 15-17 वर्षांचं व्याज, ते मात्र जास्तीचं, आणि त्याबदल्यात कुणालाही एक खोलीसुद्धा मिळाली नाही. आणि तेजीत मोजलेला अव्वाच्या सव्वा भाव, तोही गेलाच. काकांचा राग बरोबर आहे, फक्त नेम चुकला. राग कर्ज फेडण्यावर नको, एवढी वर्षं न फेडण्यावर हवा.

दुसरी बाजू पण सांगते. ज्या काउन्सिलने तेजीत जमीन घेतलीच नाही, ती आता म्हणू शकते की आम्ही शहाणपणाने वागलो म्हणून आम्हाला काहीच नाही का. कर्जमाफीच्या वेळी नियमित हप्ते भरणारा शेतकरी हेच विचारतो ना, अगदी तेच.

कर्ज मिटलं की किती दिवसांत घरं दिसतील?

दिवस नका मोजू. कर्ज मिटणं म्हणजे कुलूप निघालं, दार अजून ढकलायचंय. काउन्सिलच्या स्वतःच्या सोशल प्रोजेक्टला खात्याकडून चार टप्प्यांत मंजुरी घ्यायची पद्धत होती, प्रत्येक टप्प्याला फाईल वर जाणार, प्रश्न येणार, खाली येणार. गेल्या काही वर्षांत हे टप्पे कमी करत आणलेत. मग पाणी आणि ड्रेनेज, ते काउन्सिलच्या हातात नाही. मग शेजाऱ्यांच्या हरकती, ट्रॅफिक वाढेल, शाळेत जागा नाही, सगळं तेच तेच. मी स्वतः एका मीटिंगला गेले होते तिथे एकाने सांगितलं की या रानात वटवाघळं आहेत. असतीलही.

काउन्सिलरांचंही राजकारण असतं. डब्लिनमध्ये ऑस्कर ट्रेनर रोडला सिटी काउन्सिलची 17 हेक्टर जमीन आहे. खाजगी बिल्डरबरोबर ठरलेला करार 2020 च्या नोव्हेंबरमध्ये काउन्सिलरांनी मतदानात पाडला, सरकारी जमीन आणि त्यातली निम्मी घरं बाजारभावाने विकणार म्हणजे काय, असा त्यांचा मुद्दा होता. नंतर नवीन करार झाला, 853 घरं, सोशल 40 टक्के, कॉस्ट रेंटल (म्हणजे खर्चावरून ठरलेल्या भाड्याची घरं) 40, परवडणाऱ्या भावात विकायची 20. करार सुधारला हे खरं, वर्षं गेली हेही खरं.

चांगलं उदाहरण बघायचं तर दक्षिणेला शँकिलजवळच्या शँगानाला चक्कर मारा. तिथल्या वाड्यात पूर्वी मुलांचं खुलं तुरुंग होतं, ते 2002 ला बंद झालं. आता काउन्सिल आणि सरकारच्या लँड डेव्हलपमेंट एजन्सीने मिळून 597 घरं बांधली, 200 सोशल, 306 कॉस्ट रेंटल, 91 विकायची. काम सुरू झालं 2022 ला. तुरुंग बंद झाल्यापासून वीस वर्षांनी.

पण मुळात जमीन एवढी महाग का? शेतच तर असतं.

कारण शेतावर घरं बांधायची परवानगी मिळाली की एका ठरावाने भाव कितीतरी पटींनी वाढतो. तो ठराव करते कोण, तर काउन्सिल. आणि वाढलेल्या भावाने जमीन घेते कोण, तर परत काउन्सिल. स्वतःच भाव वाढवायचा आणि स्वतःच कर्ज काढून तो भरायचा.

यावर उपाय सांगून झालाय, तोही कधीच. न्यायमूर्ती जॉन केनी यांच्या समितीने 1973 साली सरकारला अहवाल दिला की शहराच्या वाढीला लागणारी जमीन काउन्सिलने आत्ताच्या वापराची किंमत अधिक 25 टक्के देऊन घ्यावी. शेत आहे तर शेताचा भाव, वर पाव हिस्सा, विषय संपला. अहवाल आजही प्रत्येक हाऊसिंग चर्चेत निघतो आणि आजही अमलात आलेला नाही, राज्यघटनेतला मालमत्तेचा हक्क आड येईल ही भीती कायम पुढे केली जाते. गंमत म्हणजे 2000 च्या प्लॅनिंग कायद्यात पार्ट फाईव्ह आला, बिल्डरने 20 टक्क्यांपर्यंत जमीन सोशल आणि परवडणाऱ्या घरांसाठी द्यायची, तीही मूळ वापराच्या भावाने, आणि सुप्रीम कोर्टाने ते घटनेत बसतं असं सांगितलं. म्हणजे रस्ता होता. मग 2002 ला बिल्डरांना सूट दिली की जमिनीऐवजी पैसे दिले तरी चालतील, 2015 ला 20 चे 10 केले, 2021 ला परत 20. एवढे हेलपाटे आपल्या गल्लीतला रस्तासुद्धा खात नाही.

आता 2025 पासून घरांसाठी झोन केलेल्या, सोयी असलेल्या पण रिकामी ठेवलेल्या जमिनीवर वर्षाला 3 टक्के टॅक्स लागतो. बघू किती वसूल होतो.

वराडकर पंतप्रधान होते तेव्हा काही केलं नाही का?

हा आला नाही असा एकही कार्यक्रम नाही. लिओ वराडकर यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, 2019 च्या डिसेंबरमध्ये ते गावी जाऊनही आले, आपल्याला कौतुक आहेच. पण 2017 ते 2020 आणि मग 2022 च्या डिसेंबरपासून 2024 च्या एप्रिलपर्यंत ते पंतप्रधान असताना घरांच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त टीका त्यांनीच खाल्ली. कर्ज फेडायच्या दुसऱ्या फेरीचं श्रेय द्यायचं तर तेव्हाचे हाऊसिंग मंत्री डॅरा ओब्रायन यांचं खातं जास्त. मालवणी माणूस म्हणून मार्क वाढवून देता येणार नाहीत, सॉरी.

या घरांसाठी म्हाडासारखी लॉटरी असते का? आपल्याला मिळू शकतं?

सोशल घराला लॉटरी नाही, वेटिंग लिस्ट आहे आणि डब्लिनमध्ये ती वर्षानुवर्षांची आहे. युरोपबाहेरच्या लोकांसाठी इथल्या कायदेशीर रहिवासाची साधारण पाच वर्षं मोजतात, आणि कमाईची मर्यादा आहे, 2023 पासून डब्लिन भागात एकट्या माणसाला हातात येणारा पगार वर्षाला 40 हजार युरोच्या आत हवा. आयटीवाले बहुतेक तिथेच बाद. त्यांनी कॉस्ट रेंटल बघावं, 2021 च्या कायद्याने आलंय, भाडं घर बांधायच्या आणि चालवायच्या खर्चावरून ठरतं, आणि तिथे मात्र लॉटरी असते. आता कळलं ना जमिनीच्या कर्जाचं आपल्याशी काय देणंघेणं? कॉस्ट रेंटलमध्ये जमीन महाग पडली की ती थेट भाड्यात येते.

माझ्या घराजवळच्या रिकाम्या जागेवर कर्ज आहे का ते कसं शोधू?

आधी मालक कोण ते बघा. सरकारी लँड रजिस्ट्रीच्या वेबसाईटवर नकाशावर क्लिक करून 5 युरो भरले की फोलिओ मिळतो, म्हणजे आपला सातबारा. काउन्सिल मालक असेल तर नाव दिसेल, पण कर्ज त्यावर दिसेलच असं नाही, कारण एचएफएचं कर्ज काउन्सिलच्या एकूण खात्यावर असतं. मग काउन्सिलचं वार्षिक फायनान्शियल स्टेटमेंट उघडा, वेबसाईटवर असतं, कर्जांच्या नोटमध्ये काउन्सिलची कर्जं एकत्र दिलेली असतात. जागेनुसार हवं असेल तर माहितीच्या अधिकारात, म्हणजे 2014 च्या फ्रीडम ऑफ इन्फॉर्मेशन कायद्याखाली, ईमेल करा, नुसत्या अर्जाला फी नाही. किंवा सगळ्यात सोपं, आपल्या भागातल्या काउन्सिलरला गाठा, ते ठरलेल्या दिवशी पबमध्ये नाहीतर कम्युनिटी हॉलमध्ये बसतात आणि भेटतात. मतदानाचा हक्क नाही म्हणून घाबरू नका, काउन्सिलच्या निवडणुकीत इथे राहणारा कुणीही मत देऊ शकतो, भारतीय पासपोर्ट असला तरी, आणि त्यांना ते पक्कं माहीत असतं.

मी तेच केलं होतं. तीन ओळींचं उत्तर आलं: जागा तेजीच्या काळात घेतलेली, कर्ज चालू आहे, जुन्या स्कीममध्ये बसली नाही आणि नव्यासाठी पाठवली आहे. किती कर्ज ते विचारायला मी विसरले, परत ईमेल टाकलाय.